तीन फायली आणि एक मामी

एकाच वेळी दोन कामं निघाली की त्यातलं एक दुसऱ्यासाठी खोळंबलेलं असतं, हे माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत होतं. आणि अख्ख्या बंगळूर शहरात ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाही कळलेली नाही, हे त्याहून ठाम. नवाकोरा डांबरी रस्ता खणून त्यात पाइप घालणारी माणसं दिसली की मामा स्कूटर कडेला घेत, हेल्मेट काढून हँडलला अडकवत आणि मुकादमाला कानडीत अगदी कळवळून विचारत, "आधी काय, नंतर काय, हे कुणी ठरवलं रे बाबा?" आपल्याला कुणीतरी मोठा साहेब तपासायला आला, अशा समजुतीनं तो बिचारा विडी विझवून उभा राही. मामांना उत्तर नको असे. घरातलं माणूस वाया गेल्यावर चेहरा होतो तसा चेहरा करून ते खड्ड्यात एकदा बघत आणि निघून जात.

मामांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेलं. घरी मराठीच बोलत, पण ती मराठी इतकी वर्षं कानडीच्या शेजारी राहून तिच्याशी अगदी घरोब्यानं वागायला लागली होती. माझं लग्न झालं आणि नोकरीसाठी मी पुण्याहून बंगळूरला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही स्वल्प बसा, मी बेग बेग आंघोळ करून येतो." 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'बेग बेग' म्हणजे झटपट, हे मला कळलं. पण मामांची बेग बेग आंघोळसुद्धा पाणी तापण्याशी, पाणी तापणं मामींच्या इडल्या उतरण्याशी आणि इडल्या उतरणं दूधवाला येण्याशी बांधलेलं होतं, हे कळायला थोडा काळ जावा लागला. माझ्या बायकोची आई ती लहान असतानाच गेली. तिला या मामा-मामींनीच वाढवलं. त्यामुळे जयनगरातलं ते बसकं, पुढं पारिजातक असलेलं घर हेच तिचं माहेर होतं, आणि आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्यानं राहत असल्यामुळे जेवायला बहुतेक वेळा तिथेच असायचो.

मामा एका मोठी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नियोजन विभागात होते. आधी त्यांचं सगळं काम भिंतीवर चालायचं. मोठा कागद, त्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना टाचण्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत रंगीत दोरे. मग नव्वदच्या दशकाच्या मध्याला कधीतरी त्यांच्या टेबलावर संगणक आला, आणि त्यात कामांची वेळापत्रकं आखण्याचं सॉफ्टवेअर आलं. निवृत्तीला टेकलेली माणसं त्या काळात संगणकाला हात लावायला घाबरत. मामा मात्र वयात आलेल्या मुलासारखे त्याच्या प्रेमात पडले. एक काम चार दिवस लांबवलं की त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची सगळी कामं आपोआप सरकतात, हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी ते घरी पेढे घेऊन आले होते. मामींना वाटलं, बढती मिळाली.

पण मामांची खरी कीर्ती झाली ती रंगप्पा प्रकरणानं. कारखान्यात मोठी क्रेन एकच, आणि ती नाजूक हातानं चालवणारा रंगप्पाही एकच. त्या वर्षी तीन यंत्रं एकदम बांधायला घेतली होती. तिन्हींचे साहेब वेगळे, तिघांच्या फायली वेगळ्या. प्रत्येकाच्या फाइलमध्ये रंगप्पा सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त त्यांच्यासाठी राबत होता आणि प्रत्येकाचं यंत्र वेळेवर तयार होत होतं. मामांनी काय केलं, तर तिन्ही फायली एकमेकींना जोडल्या आणि माणसं, क्रेन, रंगाची खोली असं सगळ्यांत मिळून वापरायचं जे काही होतं ते एका चौथ्या फाइलमध्ये ठेवलं. तिन्ही कामांनी आपापली माणसं त्या एकाच ठिकाणाहून उचलायची. त्याबरोबर पडद्यावर रंगप्पाचं नाव लालभडक झालं. साहेबलोक म्हणाले, सॉफ्टवेअर बिघडलंय. मामांनी वाद घातला नाही. पुढच्या मीटिंगला ते रंगप्पालाच घेऊन गेले, त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "रंगप्पा एक, त्याचे हात दोन, आणि तुम्ही साहेब तीन. सरी, ठीक आहे, घ्या वाटून." रंगप्पाला बिस्किटं आणि चहा मिळाला, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. साहेबांनी मात्र आपापल्या तारखा निमूट बदलल्या. "एकेकट्याचा प्लॅन कुणाचाही बरोबर असतो," मामा घरी येऊन म्हणाले, "चार प्लॅन शेजारी ठेवले की मग माणूस उघडा पडतो."

हे सगळं त्यांनी कारखान्यातच ठेवलं असतं तर मला हे लिहायचं कारण नव्हतं. पण त्या वर्षी त्यांच्या घरातही तीन कामं एकदम निघाली. एकुलत्या एक मुलीचं, सुमाचं लग्न ठरलं. पाहुण्यांना उतरायला जागा हवी म्हणून घरावर वरचा मजला चढवायचं ठरलं. आणि त्यातच आम्ही दोघं एका संध्याकाळी जरा लाजत जाऊन सांगून आलो की घरात पाळणा हलणार आहे. मामींनी माझ्या बायकोला जवळ घेतलं, देवापुढे साखर ठेवली. मामांच्या डोळ्यांतही पाणी तरळलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "शेवट कधी?" त्यांनी विचारलं.

"अय्यो, शेवट काय म्हणता! तोंडाला काही धरबंद?" मामी ओरडल्या.

"म्हणजे तारीख गं. काम संपायची."

झालं. शनिवारी कारखाना सुटल्यावर साहेबांच्या परवानगीनं मामा संगणकापुढे बसायला लागले. लग्नाची फाइल, माडीची फाइल, बाळंतपणाची फाइल. मग तिन्ही एकमेकींना जोडल्या. माडीवर छत पडल्याशिवाय पाहुण्यांच्या गाद्या मागवायच्या नाहीत. गवंड्यांची वाळू अंगणातून हलल्याशिवाय मांडव घालायचा नाही. मांडव उतरल्याशिवाय बाळंतिणीची खोली लावायची नाही, कारण खाट मांडवामागच्या सामानाखाली जाणार होती. सगळ्यांत मिळून वापरायच्या चौथ्या फाइलमध्ये आचारी होता, शेजाऱ्यांची मॅटाडोर व्हॅन होती, गवंडी होता, सुतार होता, मी होतो. माझ्या नावापुढे त्यांनी 'अर्धा' लिहिलं होतं. इंदिरानगरच्या ऑफिसातून मी वेळेवर सुटत नाही म्हणून. "हा रिसोर्स पूल," मामा अभिमानानं म्हणाले. "पूल? आता पूल पण बांधायला काढलात?" असं मामींनी आतून विचारलं.

या जोडाजोडीनं आम्हाला काय काय पाहायला लागलं! गवंड्याची सासू धर्मपुरीला वारली आणि तो निघून गेला, तर आमच्या अजून न जन्मलेल्या बाळाचं बारसं पुढे गेलं. मॅटाडोरचा क्लच गेला आणि सुमाच्या केळवणांची रांग विस्कटली. एकदा मामांनी त्या सॉफ्टवेअरला, एका माणसावर दोन कामं आली की होणारी सगळी टक्कर तूच सोडव, अशी आज्ञा दिली. त्यानं इमानदारीनं सोडवली. मुहूर्ताच्या तारखेला मामांनी आधीच खिळा ठोकून ठेवला होता, त्यामुळे ती हलली नाही. पण आचारी मोकळा मिळेना म्हणून पंगत दीड महिन्यानं आली, आणि मुलीची पाठवणी त्याच्याही पुढे. "म्हणजे नवरामुलगा तोवर इथंच बसणार न्हवे?" मामींनी विचारलं. "मग त्याला माडीचं प्लास्टर तरी करायला लावा." सुमा आठवडाभर हे आठवून हसत होती.

एका रविवारी सकाळी मामांनी सगळं जोडून झालेलं ते वेळापत्रक छापून आणलं. कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद डिंकानं चिकटवून त्यांनी दिवाणखान्यात पसरले, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर तांब्या, पंचपात्री आणि माझ्या चपला ठेवल्या, आणि गुडघ्यांवर रांगत ते आम्हाला समजावून सांगायला लागले. आचारी कुठेही लाल नाही. सुतार लाल नाही. सगळं कसं चंदनासारखं गार. मामी कॉफीचे पेले घेऊन आल्या होत्या. त्या कागदाच्या कडेकडेनं, पाऊल पडू न देता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत गेल्या. त्यांनी शाळा लवकर सोडली असली तरी वाचायचा नाद दांडगा होता.

"यात मी कुठं आहे?" त्या म्हणाल्या.

"तू?" मामा रांगता रांगता थांबले. "तू रिसोर्स कुठं? तू घरची."

"सरी. मग हे रुखवत करणं. याच्यापुढं कुणाचं नाव नाही. बाळंतिणीची पथ्यं, नाव नाही. गवंड्यांना दोन वेळ चहा, नाव नाही. व्याह्यांकडचे पाहुणे, पापड-सांडगे, देवदेवक, बाळाची आंघोळ. सगळी जागा रिकामी. ही कामं कोण करणार?"

मामांनी चष्मा वर केला. "ती... होतात की ती."

मामी कॉफी निवेल एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. माझी बायको त्यांच्या मागोमाग उठली. मामा बराच वेळ त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत बसले. कॉफी खरंच निवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला गेलो तेव्हा मामा कारखान्यातून आलेले होते, पण कागद पसरलेला नव्हता. घडी घालून मांडीवर धरला होता. त्यांच्या कारखान्याच्या छपाईयंत्राला रंग माहीत नव्हता, म्हणून त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन हातानं रंगवला होता. मामी पानं मांडत होत्या. मामा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "तुझं नाव घातलं. सगळीकडं. ओळच्या ओळ लाल आली गं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंगप्पाची पण अशी आली नव्हती."

"असू दे," मामी म्हणाल्या. पाणी वाढता वाढता त्या जराशा थांबल्या. "तसं असेल तर आणखी एक काम आहे. ते कुठं बसतं का बघा."

"कसलं काम?"

"माझ्या पोटात खडे आहेत म्हणे. पित्ताचे. गेल्या दसऱ्याच्या आधी डॉक्टरणीनं फोटो काढायला लावला. काढून टाका, लांबवू नका म्हणाली. मी म्हटलं, लग्न होऊ दे, पोरीचं बाळंतपण होऊ दे. मग बघू."

मामींना मधूनमधून दुखायचं हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पित्त म्हणायच्या, सुंठ-साखर खायच्या, भिंतीला टेकून बसायच्या आणि परत उठायच्या. आम्हीही पित्तच म्हणायचो. सुमा रडायला लागली. माझी बायको चिडली, "मामी, तू हे मला पण सांगितलं नाहीस!" मामा मात्र पानावरून उठले, हात धुतला, आणि वरच्या मजल्याच्या अर्धवट जिन्यावर जाऊन बसले. मी मागे गेलो. "जावईबापू," ते म्हणाले, "उद्या सकाळी ऑफिसला स्वल्प उशिरा जायचं. माझ्याबरोबर जे. पी. नगरला यायचं."

जे. पी. नगरला सुमाचं सासर होतं. होणारे व्याही कापडाचे मोठे व्यापारी, शब्दाला पक्के आणि स्वभावाला कडक. पत्रिका छापून झालेल्या, कार्यालय ठरलेलं. रिक्षात मामांनी मला सगळं भाषण म्हणून दाखवलं. कामांच्या जोडण्या कशा असतात, एकाच माणसावर चार कामं आली की काय होतं, मुहूर्ताची तारीख हा खिळा असला तरी खिळाही कधी कधी उपसावा लागतो. भाषण उत्तम होतं. काखेत कागदाची गुंडाळी होती. आम्ही आत गेलो. व्याही सोफ्यावर, त्यांची म्हातारी आई खिडकीशी खुर्चीत. मामांनी गुंडाळी सोडली, ती टीपॉयवरून खाली लोळत थेट आजींच्या पायांपर्यंत गेली.

"हे काय आणलंय?" व्याही म्हणाले.

"हे बघा," मामांनी सुरुवात केली, "ही लग्नाची फाइल. ही माडीची. आणि ही जी तांबडी..."  त्यांनी बोट त्या तांबड्या ओळीवर ठेवलं आणि जन्मभराची सगळी परिभाषा विसरून एकदम म्हणाले, "माझी बायको आजारी आहे हो."

 मग मीच पुढे होऊन खड्यांचं, डॉक्टरणीचं सांगितलं. व्याही घसा खाकरून म्हणाले, "तारीख मोडायची म्हणजे... आमच्यात आजवर झालेलं नाही. लोक काय काय म्हणतील. पत्रिका पण गेल्यात काही गावांना."

खिडकीशी बसलेल्या आजींना कमी ऐकू येत असावं अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. "अरे रामा," त्या मुलाला म्हणाल्या, "तुझ्या लग्नात तुझी सासू ताप अंगावर काढून उभी होती. मी म्हटलं, कशी फणकारल्यासारखी वागते ही बाई. दहा वर्षं बोलले नाही मी तिच्याशी. नंतर कळलं." मग मामांकडे वळून त्या म्हणाल्या, "विहीणबाईंना आधी बऱ्या करा. लग्नात चांगल्या टुणटुणीत पाहिजेत. मानापानावरून भांडायला मला कुणीतरी लागेल की." व्याह्यांनी आईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कॉफी मागवली. मुहूर्त पुढे गेला.

माडी थांबली. गवंड्याला मामांनी स्वतः सांगितलं, सळया गंजल्या तर गंजू देत. मामींना जयनगरातल्याच एका इस्पितळात नेलं. तेव्हा पोट बरंच उघडून हे ऑपरेशन करत. आत नेताना मामांनी सर्जनला विचारलं, "किती वेळ लागेल?" ते म्हणाले, "लागेल तेवढा." एरवी या उत्तरावर मामांनी त्यांचं बौद्धिक घेतलं असतं. त्या दिवशी "सरी, सरी" म्हणून त्यांनी मान हलवली आणि बाकावर जाऊन बसले. मधेच उठून मामींच्या चपला सरळ करत, परत बसत. मामी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, "दूध तापवलंत का?" मामा इतके हसले की नर्स बाहेरून बघायला आली. हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आमच्या मुलीनं मात्र कुणाचंच वेळापत्रक मानलं नाही. दिलेल्या तारखेच्या चांगली आधी, मामींचे टाके अजून ओले असताना ती आली. त्यामुळे जयनगरच्या त्या घरात एकाच खोलीत दोन खाटा लागल्या: एकीवर मामी, दुसरीवर माझी बायको, मधे पाळणा. सुमा कॉलेजात शिकवून येईपर्यंत सगळं मामांवर. त्यांनी शिल्लक असलेली सगळी रजा घेतली. डिंकाचे लाडू त्यांनी वळले. ते वळले कसले, ओतीव होते. एक माझ्या हातून पडला तर फरशीचा टवका उडाला. मामी खाटेवरून हुकूम सोडत, "अहो, मेथी कडू लागतेय, गूळ घाला," आणि मामा कमरेला डाव खोवून धावत. बाळाच्या आंघोळीला येणारी म्हातारी त्यांना "स्वामी, बाजूला सरा" म्हणून ओरडे, तरी ते पाणी कोपरानं तपासल्याशिवाय हलत नसत. एका दुपारी मी अवचित घरी आलो, तर दोघी झोपलेल्या, आणि मामा बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेले. मी काही बोलणार तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. गॅसवर काहीतरी करपत होतं. त्यांना त्याचं काहीही नव्हतं.

लग्न तुळशीची लग्नं आटोपल्यावर झालं. माडी अर्धवटच होती. पाहुणे शेजाऱ्यांकडे उतरले, आणि कुणाचं काही अडलं नाही. आचारी उशिरा आला. मॅटाडोर वाटेत बंद पडली. मी धसकून मामांकडे बघितलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांची नजर समोर होती. मामी, जरा वाळलेल्या पण ताठ, हिरव्या साडीत, व्याह्यांच्या आईशी हातवारे करून कडाकडा भांडत होत्या. दोघींचे चेहरे आनंदानं फुलले होते. "मामा, मॅटाडोर..." मी म्हणालो. "येईल की," मामा म्हणाले.

पुढे सुमा सासरी गेली, मग नवऱ्याबरोबर परदेशी. मामा निवृत्त झाले. मला पुण्याला चांगली नोकरी मिळाली आणि आम्ही बंगळूर सोडायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मामा-मामी स्टेशनवर पोचवायला आले. नेहमीप्रमाणे मामा काहीतरी सूचना करतील, कुठल्या स्टेशनावर पाणी भरायचं ते सांगतील, असं मला वाटत होतं. ते थेट आमच्या डब्याच्या खिडकीशी आले. बायको खिडकीशी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती आणि गजांतून बाहेर आलेला लेकीचा इवला पाय मामांनी मुठीत धरला होता. गाडी हलली. मामा पाय धरून बरोबर चालायला लागले. गाडीनं वेग घेतला, तसे तेही जरा पळायला लागले, आणि मागून मामी ओरडल्या, "अहो, सोडा की आता! पडाल!"

त्यांनी सोडला. लेक रडायला लागली म्हणून बघितलं, तर तिच्या एका पायात मोजाच नव्हता. मी मागे वळून पाहिलं. फलाटाच्या टोकाला मामा उभे होते, हात वर केलेला, आणि त्या हातात लोकरीचा तो एवढासा पिवळा मोजा.

पोचल्यावर मामांचं पत्र आलं, मग वर्षानुवर्षं येत राहिली. त्यांत सगळं असे: पारिजातकाचं, मामींच्या तब्येतीचं, शेवटपर्यंत अर्धीच राहिलेल्या माडीचं. मोजा काही त्यांनी कधी परत पाठवला नाही, आणि आम्हीही कधी मागितला नाही.